आईनं सही केलेला कागद कुठल्या भाषेत होता?

१ नोव्हेंबरला सायकल फेरीत आपण घसा बसेपर्यंत घोषणा देतो. परिपत्रकं मराठीत द्या, फलक मराठीत लावा. मागणी बरोबरच आहे. पण मित्रांनो, आपल्या आईनं फायनान्सच्या ज्या कागदावर सही केली, तो कुठल्या भाषेत होता हे कधी विचारलंय?

आमच्या गल्लीतल्या काकूंना मी विचारलं. त्यांच्यावर ग्रुपची तीन कर्जं. कागद इंग्रजीत. "हप्ता किती, एवढंच विचारलं रे मी." एक हप्ता चुकला आणि वसुलीवाला रात्री साडेआठला पायरीवर येऊन बसला. ग्रुपमधल्या बायकाही त्यांच्यावर सोडल्या. दोन महिने काकू कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नाहीत.

"कर्ज काढलं तर फेडायला नको?" फेडायचंच. पण नियम काय फक्त काकूंनाच?

२०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: सूक्ष्म कर्जाचा करार कर्जदाराला समजेल अशाच भाषेत हवा. सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणीच. कर्जदार लागोपाठ दोनदा तिथं आला नाही, तरच घरी यायचं. आणि घरातले सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मग हे तिसरं कर्ज दिलं कुणी?

जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला, १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. पण कायदा आपल्या पायानं गल्लीत येत नाही. तो आणावा लागतो.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा, किंवा १५१०० ला फोन लावा. कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही. आणि सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय.

आपण पोरं शिकलोय, मोबाइल हातात आहे. तरी घरातलं कर्ज म्हटलं की मान खाली. लाज आपल्याला वाटते, वसुलीवाल्याला नाही. त्याचा सगळा धंदा त्यावरच चाललाय.

येत्या रविवारी आईचं कर्जाचं कार्ड मागून घ्या. तिच्याशेजारी बसून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवा. मग शेजारच्या काकूंचं.