जपानी कशाला?

आमच्या बँकेत दुपारच्या चहाला देशाचे सर्व प्रश्न सुटतात. टॅली होत नाही ती फक्त कॅश. २०२० साली अशाच एका दुपारी टेबलावर बातमी आली ती गाडीवाटची. आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव. धड रस्ता नव्हता तेव्हा, पण इंटरनेट पोचलं होतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं २०१९ च्या सप्टेंबरात चौथी ते आठवीच्या पोरांना विचारलं, परदेशी भाषा कुठली शिकाल? रोबोच्या नादानं बहुतेक पोरं म्हणाली, जपानी! शहरातले एक जाणकार गृहस्थ विनामोबदला शिकवू लागले आणि पोरं शिकूही लागली.

"जपानी कशाला?" कर्जखात्याचे साहेब बिस्किट बुडवत म्हणाले, "आधी मराठी तर शुद्ध लिहा म्हणावं!"

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण माझ्या प्रमोशनचा कागद त्यांच्याच टेबलावरून जायचा होता.

आता याच साहेबांच्या कन्येनं अकरावीला मराठीऐवजी फ्रेंच घेतलेलं. का, तर म्हणे मार्क पडतात. साहेबांना नावं ठेवणारा मी तरी कोण? आमच्या चिरंजीवांनीही आठवीत त्याच कारणासाठी फ्रेंच घेतलं, आणि कॉलनीतल्या एकाही माणसानं "फ्रेंच कशाला?" असं विचारलं नाही. उलट शेजारच्या वहिनी क्लासचा पत्ता घेऊन गेल्या. 'उपयोग काय' हा प्रश्न आपण फक्त जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांसाठी राखून ठेवलेला आहे.

मराठी बिघडते म्हणावं, तर आमच्या बँकेतच बघा. पगार पोर्तुगीजांचा, जमा अरबांची, चेक इंग्रजांचा. माझे आजोबा निजामाच्या अमलात उर्दूतून शिकले. हिशेबाची वही ते दोन्ही लिप्यांत लिहायचे आणि दोन्ही लिप्यांत ती कुणालाही वाचता येत नसे. त्यांच्या मराठीला काही झालं नाही, विशेषतः शिव्यांना.

आणि जपानी इतकी परकी कशी? अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी, पर्यटनासाठी नव्वदच्या दशकापासून जपाननं कर्ज दिलेलं आहे. कर्ज घ्यायचं आणि देणाऱ्याची भाषा म्हटली की 'कशाला?' असा कर्जदार आमच्या साहेबांनी दारात उभा केला नसता.

पुढं २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि जूनअखेर मागंही घेतला गेला. मधल्या काळात आम्ही मोठी माणसं कडाकडा भांडलो. पोरांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. गाडीवाटला विचारलं होतं.

असो. आमच्या चिरंजीवांना वार्षिक परीक्षेत फ्रेंचमध्ये पंच्याण्णव मार्क पडले, म्हणून बक्षीस म्हणून आम्ही वेरूळला गेलो. कैलास लेण्यापुढं एक फ्रेंच बाई आल्या आणि त्यांनी नेमकं चिरंजीवांनाच काहीतरी विचारलं. चिरंजीव माझ्या मागं लपले.

"अरे, बोल की!"

"बाबा, हे सिलॅबसमध्ये नव्हतं."

तेवढ्यात माळा विकणारा एक पोरगा पुढं झाला. त्याच्याच वयाचा. हात हलवत तीन-चार वाक्यं फाडफाड बोलला. बाई हसल्या, दोन माळा घेतल्या आणि तो दाखवत होता त्या बाजूला घाईनं निघून गेल्या.

"कितवीत रे तू?" मी विचारलं.

"सातवीत सोडली शाळा."

"मग फ्रेंच कुठं शिकलास?"

"हितंच. जपानी बी येतं सायेब, बोलून दावू?"

त्यानं बोलून दाखवलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण माळ घ्यावी लागली. दोनशे सांगून दीडशेला दिली. तेवढी घासाघीस मात्र आम्ही दोघांनी मराठीतच केली.

साहेबांना दुसऱ्या दिवशी चहाला मी यातलं काही सांगितलं नाही. प्रमोशनची यादी लागायची होती.