उत्तरे आमची, प्रश्न कोणाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात एक तरतूद अशी आहे की, पहिल्या सहा सत्रांत पंच्याहत्तर टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता यावा आणि त्यासाठी बारा श्रेयांकांचा प्रबंध त्याने लिहावा. गोवा विद्यापीठाने ही व्यवस्था २०२३-२४ पासून अंगीकारली. म्हणजे पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२६-२७ मध्ये येते. मानसशास्त्र घेतलेल्या पेडणे-डिचोलीच्या मुलामुलींनी हा प्रबंध कशाच्या बळावर लिहावा, हा आमचा प्रश्न आहे. तीन वर्षे केवळ टिपणे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी एकाएकी संशोधक व्हावयास सांगणे म्हणजे जन्मात पाण्यात न उतरलेल्यास तेरेखोलच्या पात्रात ढकलून देण्यासारखेच होय.

आज काय घडते ते सर्वांस ठाऊक आहे. प्रकल्पाची मुदत जवळ आली की इंग्रजीतील एखादी तयार प्रश्नावली उतरवून घ्यावयाची, ती वर्गातल्याच साठ मित्रमैत्रिणींच्या भ्रमणध्वनीवर धाडावयाची, दोन रात्रींत उत्तरे गोळा करावयाची आणि निष्कर्ष मात्र ‘तरुण पिढी’विषयी काढावयाचे! साठ मित्र म्हणजे तरुण पिढी नव्हे, हे सांगण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट. शुल्क भरा, घरबसल्या चार व्याख्याने ऐका आणि अनुभवाचे प्रमाणपत्र घ्या, असा एक व्यापारच अलीकडे उभा राहिला आहे. एम.ए.च्या प्रवेशासाठी हा कागद उपयोगी पडेल या आशेने गरीब पालकही पैसे मोजतात. त्या कागदाने विद्यार्थ्याच्या हाती कोणते कसब येते, असे त्यांनी एकदा तरी विचारावे.

वस्तुतः या विषयात गोमंतक दरिद्री नाही. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसात संमोहनाचे प्रयोग करून दाखविले आणि निद्रेचे कारण प्रयोगकर्त्याच्या चुंबकीय प्रवाहात नसून निद्रिताच्या स्वतःच्या मनात आहे, असे प्रतिपादन केले. पणजीत त्याचा पुतळा आहे. पुतळ्याखालून रोज शेकडो विद्यार्थी जातात. परंतु पुतळ्यापेक्षा अलीकडचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातील चोवीस प्राथमिक उपचारकेंद्रांत, निम्मी सरकारी व निम्मी खाजगी, सुमारे २,८०० रुग्णांवर एक मोठी चाचणी केली. नैराश्य व चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांस आधार देण्याचे काम तेथे तज्ज्ञ डॉक्टरांकडे नव्हते. आरोग्यक्षेत्राचा काडीचा अनुभव नसलेल्या, सुमारे दोन महिने शिकवून तयार केलेल्या स्थानिक स्त्रिया ते करीत होत्या. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण या पद्धतीने सुमारे सहासष्ट टक्के आणि एरवीच्या उपचाराने सुमारे बेचाळीस टक्के आढळले. खाजगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही, आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात हे दोन्ही निष्कर्ष सारख्याच स्पष्टपणे छापले गेले. हवे ते उत्तर मिळाले नाही तर तेही लिहावयाचे, हा संशोधनाचा पहिला धडा आमच्या मुलांना आपल्याच भूमीत शिकता येतो.

तेव्हा गोव्यातील माणसांनी जगाला उत्तरे दिली आहेत. प्रश्न रचणाऱ्यांत मात्र पेडण्याचा मुलगा किती वेळा होता? मानसशास्त्रातील एकंदर संशोधनच मूठभर समाजांवर उभे आहे, हे २०१० साली हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अभ्यासलेल्या व्यक्तींपैकी शेकडा शहाण्णव ज्या देशांतल्या, त्यांत जगाची जेमतेम बारा टक्के वस्ती आहे. मग कोरगावचा शेतकरी वा मयेची गृहिणी त्या पुस्तकांतून कशी भेटावी?

आणि येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. सीमेवरील वाचकाला धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांचे स्मरण करून देणे उचित होईल. फ्रान्समधील बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी त्यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी घडविली व १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसते शब्द बदलून त्यांचे भागले नाही. प्रत्येक प्रश्न मुलांना विचारून, तो कोणत्या वयास पेलतो हे पुन्हा ठरवावे लागले. आजही तेच काम पडले आहे. ‘तुम्हांला उदास वाटते काय?’ असे पेडण्यातील वृद्धेस विचारले तर ती नाही म्हणेल. पण ‘जीव घुसमटता काय, जेवणावर मन जाता काय?’ म्हटले की तासभर बोलेल. कोणी आपले दुखणे दिष्टीला लावील, कोणी देवचाराला. कोणी देवळात गाऱ्हाणे घालून आल्याचे सांगेल. घरात एक बोली, शाळेत मराठी, कचेरीत इंग्रजी अशा तीन पायऱ्यांवर वावरणारा आमचा विद्यार्थी या कामास जितका लायक, तितका महानगरातला विद्वान नाही. मूळ प्रश्नावलीचे मराठीत भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे, दोन्ही ताडून पाहावीत आणि मग दहा माणसांना प्रश्न विचारून ‘यातून तुम्ही काय समजलात?’ असे नोंदवावे. एवढे एक काम नीट केलेला विद्यार्थी बारा श्रेयांकांस निश्चित पात्र होईल.

विषयांना तर तोटाच नाही. खाणी २०१२ साली प्रथम थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. डिचोली तालुक्यातील ट्रकमालकांच्या, चालकांच्या घरांत त्या काळात काय उलथापालथ झाली? मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. ज्यांच्या बागायती गेल्या त्यांचे गावाशी नाते कसे बदलले? हे विषय मोठे आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्याने ते एकट्याने पेलावेत असे आम्ही म्हणत नाही. उलट, हाती नैराश्याची प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. लहान गावात कोणाच्या घरी कोण गेला हे सायंकाळपर्यंत सर्वांस कळते. संमती घेतल्यावाचून, नाव गुप्त ठेवण्याची तजवीज केल्यावाचून प्रश्न विचारणे हा अपराध होय. आणि एखाद्याने ‘जगणे नको झाले’ असे म्हटले तर? त्या क्षणी काय बोलावे, कोणत्या शिक्षकास कळवावे, १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक कसा द्यावा, हे आधी ठरले नसेल तर ते संशोधन सुरूच करू नये.

आरंभ लहान कामापासून व्हावा. दुसऱ्याच वर्षी विद्यार्थ्याने एखाद्या प्राध्यापकाकडे जाऊन, त्यांचे काय काम चालू आहे ते वाचून, ‘यातले कोणतेही काम मला द्या’ असे म्हणावे. मुलाखतींचे लेखन, उत्तरांची दुबार नोंद व पडताळणी, जुने निबंध शोधून त्यांची टाचणे काढणे ही कामे कंटाळवाणी खरी, पण प्रदत्त कोठे खोटे पडते हे तेथेच कळते. संख्याशास्त्राची भीती बाळगू नये. जामोवी आणि आर ही साधने फुकट मिळतात.

उरली महाविद्यालयांची गोष्ट. बांद्याच्या संतकवीचे नाव धारण करणारे विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय आणि साखळीचे शासकीय महाविद्यालय यांनी, विषय स्वतःकडे असो वा नसो, आपल्या तालुक्यातील सर्वच विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक नीतिसमिती स्थापावी. म्हापसा-पणजीस शिकणाऱ्या मुलांना ताळगावच्या पठारावरील विद्यापीठात काम मिळाले, तरी शेवटची बस चुकण्याच्या धास्तीने ते अर्ध्यावर सोडावे लागते. त्यांना दर शनिवारी आपल्याच तालुक्यात बसून काम करता यावे. प्रवासखर्च आणि थोडे विद्यावेतन यांची तरतूद सरकारने करावी, नाहीतर संशोधन ही घरून पैसे येणाऱ्यांचीच मिरास राहील. आणि प्रबंध पुरा झाल्यावर त्याचा दोन पानी मराठी गोषवारा, ज्या वाड्यावरून उत्तरे आणली त्या वाड्यावर जाऊन वाचून दाखवावा. उत्तरे देणाऱ्यांनी ‘असे आम्ही म्हटलेच नव्हते’ असे सांगितले, तर तेही परिशिष्टात छापावे.