आधी चूल, मग नकाशा

मुरगूडच्या बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबांना प्रवास नवा नाही. कुंभोजचा बाहुबली डोंगर, श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, सम्मेदशिखर या यात्रा पिढ्यान्‌पिढ्या घडत आल्या आहेत. त्यांची व्यवस्थाही ठरलेली असते. एक बस, बरोबर आचारी आणि शिधा, मुक्कामाला धर्मशाळा. वाहन दुसऱ्याने चालवायचे, रस्ता दुसऱ्याला ठाऊक, आणि सूर्यास्ताच्या आत ताट समोर येणार याची खात्री. आता मात्र निराळ्याच प्रवासाचे बोलणे घराघरांत निघू लागले आहे. पुण्यात शिकलेली मुले-मुली नोकरीसाठी स्टुटगार्ट-म्युनिककडे जातात. (मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर 1968 पासून भगिनी-शहरे आहेत.) तेथे स्थिरावल्यावर त्यांचे निमंत्रण येते: सगळेच या, गाडी भाड्याने घेऊ, दक्षिण जर्मनीतील जुनी गावे पाहू. निमंत्रणाने आनंद होतो. पण त्या रात्री घरात जी चर्चा होते, तिच्यात पहिला प्रश्न किल्ल्यांचा आणि चर्चांचा नसतो. आजींचे काय करायचे, हा असतो.

आजींचा रात्रिभोजनाचा त्याग आहे, कंदमुळे वर्ज्य आहेत आणि गुडघे थकलेले आहेत. बहुतेक घरांत यावर ठरावीक तोडगा निघतो. आजी येथेच राहतील, एक सून त्यांच्यासाठी मागे थांबेल, आणि बाकीची मंडळी एखाद्या कंपनीच्या सहलीतून दहा दिवसांत पाच-सहा देश उरकून येतील. तोडगा सोपा आहे. चांगला मात्र नाही. तीन पिढ्या एकत्र प्रवास करू शकतील अशी वर्षे कोणत्याही घराच्या वाट्याला मोजकीच येतात. दक्षिण जर्मनी हा वडीलधाऱ्यांना घेऊन जाता येईल असा प्रदेश आहे. अट एवढीच, की आखणीचा आरंभ प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून न करता स्वयंपाकघरापासून करावा.

पहिला दिलासा सूर्यच देतो. मेअखेरीस मुरगुडात दिवस सातच्या सुमारास मावळतो. त्याच दिवसांत आउग्सबुर्ग येथे सूर्यास्त रात्री नवाच्या आसपास होतो आणि सूर्योदय सव्वापाच-साडेपाचला. म्हणजे सायंकाळचे भोजन सात वाजता घेतले तरी दोन तास हाताशी राहतात. सायंभोजनासाठी धावाधाव करण्याची पाळी येत नाही. अडचण येते ती दुपारच्या जेवणाची. लहान गावांतील पुष्कळ भोजनालयांत दुपारी दोननंतर चूल बंद होते, ती सायंकाळी साडेपाच-सहापर्यंत पेटत नाही. त्यामुळे दुपारचा डबा सकाळीच बरोबर घेणे उत्तम, आणि त्यासाठी रोज नवे हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेले सुट्टीचे घर भाड्याने घ्यावे. अशा घराला तेथे 'फेरियनवोनुंग' म्हणतात. ही घरे गावोगावी मिळतात आणि सहा माणसांच्या कुटुंबाला दोन-तीन हॉटेल-खोल्यांपेक्षा बहुधा स्वस्त पडतात.

मुनिसंघाच्या विहाराची आखणी ज्यांनी कधी केली असेल, त्यांना हे शिकवावे लागणार नाही. पुढचा टप्पा किती अंतरावर, तेथे आहाराची सोय काय, हे आधी ठरते. वाटेत काय पाहायचे ते मागाहून. बारा दिवसांच्या प्रवासाला तीन मुक्काम पुरेत. पहिला न्योर्डलिंगेन येथे चार रात्री, दुसरा आउग्सबुर्ग येथे तीन, तिसरा ट्यूबिंगेन येथे चार, आणि एक दिवस परतीसाठी हाताशी.

शिध्याच्या बाबतीत सीमाशुल्काचा नियम आधी समजून घ्यावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आत नेता येत नाहीत. घरचे लोणकढे तूप, पेढे, खवा हे सगळे येथेच ठेवावे. ताजा कढीपत्ता आणि भाजीपालाही प्रमाणपत्राविना चालत नाही. खाकरे, भडंग, मेतकूट, कोरड्या चटण्या, डाळी यांना हरकत नसते. तूप तेथील कोणत्याही किराणा दुकानात मिळते. त्याचे नाव 'बुटरश्माल्त्स'. येथे एका शब्दाने घोटाळा होऊ शकतो. नुसते 'श्माल्त्स' म्हणजे बहुधा डुकराची चरबी. डब्यावर आरंभीचा 'बुटर' हा भाग आहे ना, हे वाचल्यावाचून डबा उचलू नये. त्या भागातील प्रसिद्ध पीळदार ब्रेझेल-पावातही काही बेकऱ्या ही चरबी घालतात, विचारून घ्यावे. 'वेगेटारिश' म्हणजे शाकाहारी खरे, पण त्यात अंडे चालते. श्वाबियातील श्पेट्झले या शेवयांत अंडे असतेच. 'व्हेगान' लिहिले असेल तर अंडे नसते, दूधही नसते, कांदा-लसूण मात्र असू शकतो. म्हणून चार शब्द पाठ असावेत: 'आय' म्हणजे अंडे, 'त्स्वीबेल' कांदा, 'क्नोब्लाउख' लसूण, 'गेलाटिने' म्हणजे मिठायांत वापरले जाणारे प्राणिज सरस. वेष्टनावर घटकांची नोंद कायद्याने सक्तीची असून दूध-अंडे यांसारखे घटक ठळक छापलेले असतात.

मे महिन्यात सर्वत्र पांढऱ्या शतावरीचे कोंब विकायला येतात. त्यांचा हंगाम 24 जूनला संपतो. ते मातीखाली वाढतात, म्हणून आजी विचारतीलच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो कोंब आहे, मूळ नव्हे. निर्णय ज्या-त्या घराने आपल्या आम्नायाप्रमाणे घ्यावा. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, ही गोष्ट लक्षात राहिली नाही तर सोमवार सकाळपर्यंत भडंगावर काढावे लागते.

आता गावे. न्योर्डलिंगेन हे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का कोसळून झालेल्या, पंचवीसेक किलोमीटर व्यासाच्या विवरात वसलेले गाव आहे. भोवतीचा तट पूर्ण वर्तुळाकार असून त्यावरून गावाला प्रदक्षिणा घालता येते. ती अडीच-पावणेतीन किलोमीटरची भरते आणि मुलांना पुरेशी दमवते. येथून डिंकेल्सब्यूल तीस किलोमीटर, म्हणजे मुरगूडहून कोल्हापूरला जाण्याइतकेही नाही. रोटेनबुर्ग थोडे लांब. तेथे दुपारी पर्यटकांची झुंबड असते, सकाळी लवकर जावे.

व्यापारी घराने ज्यासाठी खास वेळ राखावा ते गाव मात्र आउग्सबुर्ग. याकोब फुगर (1459–1525) हा येथला पेढीवाला. घराण्याचा मूळ व्यवसाय कापडाचा. पुढे तांबे, चांदी आणि सावकारी. 1519 साली स्पेनचा राजा चार्ल्स याला सम्राटपदी निवडून आणण्यासाठी साडेआठ लाख गिल्डर खर्च झाले. त्यांपैकी सुमारे 5 लाख 44 हजार एकट्या फुगरने उभे केले, आणि वसुली लांबली तेव्हा सम्राटालाच पत्र लिहून त्याची आठवण दिली. त्याचा मुख्य हिशेबनीस माथेउस श्वार्त्स याने 1518 साली द्विनोंदी जमाखर्चावर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. फुगर आणि श्वार्त्स कचेरीत आहेत असे एक जुने चित्र प्रसिद्ध आहे. त्यात मागच्या कपाटाच्या खणांवर व्हेनिस, लिस्बन, न्यूरेंबर्ग अशी शाखांची नावे दिसतात. ते चित्र पाहून गादीवर बसलेल्या कोणालाही ओळख पटेल.

या शहराचा संबंध आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. 1505 साली लिस्बनहून निघालेल्या फ्रान्सिस्को द अल्मेडाच्या आरमारात आउग्सबुर्गच्या पेढ्यांचे भांडवल होते. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ते प्रथम थांबले. वेल्सर पेढीचा प्रतिनिधी बाल्थासार श्प्रेंगर त्यातून मलबारपर्यंत आला, आणि 1509 साली त्याने आपला वृत्तांत छापला. सगळी खटपट मिऱ्यासाठी होती.

फुगरची पेढी पुढे सतराव्या शतकात बुडीत राजकर्जांच्या ओझ्याखाली मिटली. टिकले ते त्याचे धर्मादाय काम. 1516 मध्ये बांधायला घेतलेली आणि 1521 च्या दानपत्राने स्थापित झालेली 'फुगराय' ही गरजू नगरवासीयांची वसाहत आजही चालू आहे. 67 घरे, दीडशेच्या आसपास रहिवासी, वर्षाचे भाडे 88 सेंट. वीज-इंधनाचा खर्च वेगळा. दात्यासाठी रोज तीन प्रार्थना ही अट. दुसऱ्या महायुद्धात ती बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा उभारली गेली. धर्मशाळा व पांजरपोळ चालवणाऱ्या विश्वस्तांनी येथे एक प्रश्न जरूर विचारावा: पाचशे वर्षे निधी टिकला कसा? उत्तराचा मोठा भाग जंगलांत आहे. संस्थेचे उत्पन्न मुख्यत्वे वनसंपत्तीतून येते, व्याजावर ती विसंबलेली नाही.

तिसरा मुक्काम ट्यूबिंगेन. वाटेत उल्म लागते. तेथील चर्चचा मनोरा 161 मीटर उंच आणि 768 पायऱ्यांचा आहे. आजींनी खाली चौकात बसावे हे बरे. ट्यूबिंगेन हे नेकार नदीकाठचे विद्यापीठाचे गाव. 1925 साली जैनधर्मावर जर्मन भाषेत सविस्तर ग्रंथ लिहिणारे हेल्मुट फॉन ग्लासेनाप 1946 पासून येथे प्राध्यापक होते. येथून ब्लॅक फॉरेस्ट ओलांडून दीडशे किलोमीटरवर फ्रायबुर्ग लागते. पहिल्या महायुद्धानंतर स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेल्यावर प्राकृतचे पंडित एर्न्स्ट ल्यॉयमान फ्रायबुर्गला आले आणि 1931 साली तेथेच निवर्तले. पादलिप्तसूरींच्या तरंगवतीच्या कथेचा त्यांचा जर्मन अनुवाद 1921 मध्ये निघाला. जैनधर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र परंपरा आहे, हे युरोपला पटवून देणारे हेर्मान याकोबी हे राइनकाठचे. त्यांचे गाव या वाटेवर येत नाही. अर्धमागधीचे शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात वर्षानुवर्षे देणारे सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये हे याच विद्वत्तेच्या परंपरेशी तोलामोलाने बोलत असत. घरातील नातवंडांना ट्यूबिंगेनच्या पुलावर हे सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि पाठशाळेत शिकलेले 'णमो' शब्द परक्या गावीही कोणी जन्मभर अभ्यासले होते हे त्यांना कळते.

गाडीचे काही नियम चुकल्यास महागात पडतात. आंतरराष्ट्रीय परवाना कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून काढावा. तो एक वर्ष चालतो. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि गिअर उजव्या हाताने टाकावा लागतो, म्हणून स्वयंचलित गिअरची गाडी आधीच राखून ठेवावी. सात आसनी गाडीत सातही आसने उघडली की सामानाला जागा उरत नाही. सहा माणसांना नऊ आसनी व्हॅन बरी. गावाच्या नावाचा पिवळा फलक ओलांडला की वेगमर्यादा आपोआप 50 होते, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. दंडाची सूचना महिन्या-दोन महिन्यांनी घरी येते आणि भाड्याची कंपनी तिच्यावर आपला आकार लावते. गाडीची अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर रोखली जाते. व्यापारी घरांत कार्ड बहुधा वडिलांच्या नावे असते आणि गाडी मुलगा चालवतो. या एका कारणाने विमानतळावर गाडी नाकारली जाऊ शकते. कार्डयंत्राने रुपयांत की युरोत असे विचारले तर नेहमी युरो म्हणावे. रुपयांच्या सोयीत दराचा तोटा दडलेला असतो.

व्हिसाच्या कागदांत दुकानाची नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे लागतात. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात आणून टाकलेली मोठी रक्कम उपयोगाची नसते. अधिकारी सरासरी शिल्लक पाहतो. विवरणपत्रातील उत्पन्न आणि प्रवासाचा खर्च हे दोन कागद तो शेजारी शेजारी ठेवून वाचतो, याचे भान काही घरांना उशिरा येते. प्रवास विमा किमान 30 हजार युरोंचा हवा. वडीलधाऱ्यांचे जुने आजार त्यात न लपवता लिहावेत.

राहिला दुकानाचा प्रश्न. अक्षय्यतृतीया आणि लग्नसराई कापड-सराफीच्या दुकानांना सोडवत नाही. बी-बियाण्यांच्या दुकानांना जून सोडवत नाही. आणि आषाढात चातुर्मास सुरू होतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या शाळांना ईस्टरनंतर सातव्या रविवारच्या सुमारास दोन आठवडे सुट्टी असते. त्या दिवसांत घरभाडी चढतात. हे सारे वगळून, जीएसटीच्या 20 तारखेचे विवरणपत्र भरल्यावर निघता येईल असा बारा-तेरा दिवसांचा काळ मेमध्ये शोधावा लागतो. एक भाऊ दुकानात राहतो आणि पुढच्या वर्षी त्याची पाळी, हे आधीच बोलून ठेवावे. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे दिवाळीत वहीपूजन आटोपले की तिजोरीतून पारपत्रे बाहेर काढायची वेळ येते. आजींच्या पारपत्राची मुदत संपली आहे का, आणि त्यावरचे नाव आधारकार्डावरील नावाशी जुळते का, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.