तलावाचे डाग आणि आपली जयणा



मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात तळाला तांबूस डाग पडले. बैठकीत ठरू लागलं, तलाव रिकामा करा, ॲसिडने घासा, पुन्हा भरा. मी बी.कॉम.! आधी हिशेब मांडला. 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद, सरासरी 1.2 मीटर खोल, म्हणजे 86,400 लिटर पाणी. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. सासूबाई म्हणायच्या, पाणी तुपासारखं वापरावं. नऊ टँकर तूप कोणी गटारात सोडेल का?

शिवाय उपयोग काय? आमच्या बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं आहे. क्लोरिन पडला की त्याचा गंज होऊन तळाला बसतो. त्याच बोअरने पुन्हा भरलं की डाग पुन्हा हजर! खात्रीसाठी मी देखभालीच्या मुलाला व्हिटॅमिन सीची गोळी डागावर धरायला सांगितली. डाग फिका पडला, म्हणजे लोहच. निळसर-हिरवा डाग असता तर तांब्याचा संशय घेतला असता. शेवाळाच्या काही औषधांत तांबं असतं.

माझं मत असं, की डाग घासण्याआधी आपली सवय घासावी. आमच्याकडे पावडर अंदाजाने, तीही थेट तलावात टाकत. न विरघळलेले कण तळाशी बसतात आणि तिथला रंग उडतो. आधी बादलीत पाणी, मग त्यात पावडर, हा क्रम पाळावा. ॲसिड आणि क्लोरिन कधीही एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. पाण्याचा पीएच 7.2 ते 7.6 आणि क्लोरिन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम राहील असं बघावं. रोज तपासून वहीत लिहावं. नवं पाणी घेण्याआधी त्यातलं लोह तपासून घ्यावं.

एका मैत्रिणीने विचारलं, "शेवाळ मारणं ही हिंसाच ना?" हो. शेवाळ अनंतकाय आहे. तलाव ठेवला की थोडी हिंसा आलीच, ते मी नाकारत नाही. पण दुर्लक्ष करून शेवाळ माजू द्यायचं आणि मग दुप्पट औषध ओतायचं, यात पाप जास्त. रोज पाच मिनिटं लक्ष दिलं तर ते वाढतच नाही. यालाच आपण जयणा म्हणतो.

आमचा तलाव रिकामा झाला नाही. वही आता माझ्याकडे असते.