श्रोता म्हणजे मासा नव्हे!

बदलापूरला लोकलमध्ये चढलो, तो माझा एक जुना विद्यार्थी भेटला. पॉडकास्ट चालवतो. म्हणाला, “गुरुजी, श्रोते वाढवणारे चार जालीम शब्द सांगा!”

वाचकहो, मला संतापच आला. ‘थरारक’, ‘धक्कादायक’ हे सारे गळाला लावलेले आमिष! श्रोता एकदा अडकतो आणि अंबरनाथ येण्यापूर्वीच सुटतो.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. कथेचा शेवट पोराटोरांनाही ठाऊक होता. तरी आठवड्यामागून आठवडे लोकांनी ५६ गीते कान देऊन ऐकली. कारण गदिमांनी कधी कौसल्येला, कधी भरताला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले.

मी त्याला म्हटले, “उल्हासनगरात जीनपँटी शिवून आईने तुला वाढवले. ते तिलाच सांगू दे. जालीम शब्द तिच्यापाशी आहेत!”