परसदार : तिखट मिरचीचं बी तीन घरी



‘भाऊ आसामात नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने भूत जोलोकियाच्या चार वाळक्या मिरच्या आणल्या. त्यांचं बी कुंडीत टाकलं, पंधरा दिवस झाले तरी काही वर येईना. बी खोटं तर नाही ना?’ असं एका भगिनीने विचारलं आहे. दुसरीला आपल्या माहेरची बारकी, आभाळाकडे तोंड करून लागणारी मिरची सासरच्या अंगणात लावायची आहे. दोघींची अडचण एकाच जागची आहे, म्हणून या खेपेचं सगळं पान मिरचीलाच दिलं आहे.

पहिलीला आधी सांगते, बी खोटं म्हणून कुंडी उपडी करू नका. आपली नेहमीची मिरची आठ-दहा दिवसांत उगवते. भूत जोलोकियाच्या जातीला दोन ते पाच आठवडे सहज लागतात.

आता थोडी मिरचीची ओळख करून घेऊ. मिरची मूळची आपली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्याला उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा यायचा तो मिऱ्यांनी आणि सुंठीने. पण एकदा आली ती अशी रुजली, की गावागणिक तिच्या जाती झाल्या. नागपूरकडची भिवापुरी, गडहिंग्लज-संकेश्वर भागातली लांब, बारीक संकेश्वरी, गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाळ्यात घेतात ती खोलाची मिरची, आणि घरोघरच्या परसातली लवंगी. या जाती कोणत्या कारखान्यात तयार झाल्या नाहीत. दरवर्षी चांगल्या झाडाची चांगली मिरची कुणीतरी बियाला बाजूला काढून ठेवली, त्यातून त्या घडल्या. हे काम बहुतेक घरांत बायकांनीच केलं.

तिखटपणा मोजायची रीत १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्याला तिखट लागेनासं झालं की थांबायचं. आता यंत्राने मोजतात, नाव मात्र स्कोव्हिलचंच राहिलं. २००७ साली आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाची नोंद जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात झाली. आकडा होता दहा लाखांच्या थोडा वर. पुढे २०१३ साली अमेरिकेतल्या ‘कॅरोलिना रीपर’ने आणि २०२३ साली ‘पेपर एक्स’ने तो मान घेतला. आपल्याला शर्यत लावायची नाही, पण कुंडीत काय लावतो आहोत ते माहीत असावं, एवढ्यासाठी सांगितलं.

आणखी एक. तिखटपणा बियात असतो, असं आपण सगळ्याच म्हणतो. तो असतो आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात. बियांना तो लागतो एवढंच. पाखरांना तर हा तिखटपणा जाणवतच नाही. म्हणून बुलबुल पिकलेली लवंगी खुशाल खातो आणि कुंपणापाशी न लावता रोप उगवतं.

आता दुसऱ्या भगिनीकडे वळते. आमच्या सफाळ्याला वाड्यांमधून भाजी पुष्कळ होते. पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन मुंबईकडे जाणाऱ्या बायका आमच्या स्टेशनावर नेहमीच्याच. पण विकायची मिरची वेगळी आणि घरच्या चटणीची वेगळी. आमच्या आळीतल्या एका आजींच्या न्हाणीमागे अशीच घरची मिरची होती. नखाएवढी, पिकली की शेंदरी. सुक्या बोंबलाच्या चटणीत दोन टाकल्या की पुरे. आजी गेल्या. पुढे घर पाडून नवं बांधलं, न्हाणी गेली आणि झाडही गेलं. सुनेने सगळे डबे धुंडाळले, बी कुठेच नाही. वर्षभराने आजींची भाची एडवणहून आली, तेव्हा कळलं की आजींनी तिला मूठभर बी केव्हातरी दिलं होतं. तेच पुन्हा आमच्या आळीत आलं आणि आता माझ्याकडेही आहे. त्या भाचीला दिलेलं मूठभर बी नसतं, तर ती मिरची आमच्या आळीतून कायमची गेली असती. दुर्मिळ जात म्हणतात ती अशीच होते, बरं का! ती नाजूक असते म्हणून नव्हे, तर तिचं बी एकाच घरात राहतं म्हणून.

तेव्हा लावायची ती बी धरण्यासाठी, हे पहिल्यापासून मनात ठेवा.

पेरणी

घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य पेरतो, तेच दिवस मिरचीलाही चांगले. पावसाचा जोर उतरलेला असतो आणि पुढे ऑक्टोबरची ऊब मिळते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. दोन वाट्या माती, एक वाटी जुनं, मुरलेलं शेणखत आणि एक वाटी वाळू किंवा भाताचं तूस असं मिश्रण करा. दह्याचे किंवा श्रीखंडाचे रिकामे डबे तळाला भोकं पाडून घ्या. बी पाव इंचापेक्षा खोल नको. डबा वर्तमानपत्राने झाकून, दूध विरजायला ठेवता त्या उबदार जागी ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको. जास्त पाण्याने कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. कोंब दिसला की त्याच दिवशी डबा उजेडात आणा, नाहीतर रोप उंच, किडकिडीत होतं.

कुंडी आणि देखभाल

साध्या मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांनी, भूत जोलोकियाचं दोन महिन्यांनी हलवा. लवंगीला दहा इंची कुंडी चालते. जोलोकियाचं झाड मोठं होतं, त्याला चौदा इंची कुंडी किंवा फुटकी बादली द्या. ऊन सहा तास हवं. शेणखत हात राखून घाला. खत फार झालं तर पालाच माजतो, फुलं येत नाहीत. पाणी सकाळी, तेही बोट मातीत खुपसून कोरडं लागलं तरच.

पानं वळून बोकडाच्या कानासारखी झाली, तर तो चुरडा-मुरडा. बोकड्याही म्हणतात त्याला. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, त्यात चमचाभर साबणाचं पाणी मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. झाड अगदीच आखडलं, तर उपटून दूर टाका आणि त्याचं बी मुळीच धरू नका.

जोलोकियाची मिरची पिकायला पेरल्यापासून पाच-सहा महिने लागतात. एप्रिलच्या उन्हात फुलं गळतात, तेव्हा दुपारी सावली करा. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घेतली आणि फांद्या थोड्या छाटल्या, तर तेच झाड दोन-तीन वर्षंसुद्धा चालतं.

बी धरताना

इथेच बहुतेकींचं फसतं. मिरचीचं फूल आपल्याआपण फळतं खरं, पण मधमाशी शेजारच्या कुंडीतला पराग आणून टाकते. यंदाची मिरची तशीच दिसते आणि पुढच्या वर्षी त्या बियातून निराळंच काही येतं. लवंगीशेजारी ढोबळी मिरची असेल, तर लवंगीची पुढची पिढी तिखट राहीलच असं नाही. उपाय सोपा आहे. कळ्या उमलायच्या आधी एका फांदीवर जुन्या मलमलीची पिशवी चढवा आणि तोंड सैल दोऱ्याने बांधा. रोज सकाळी फांदी हलकेच टिचकीने हलवा. बारीक मिरच्या धरल्या की पिशवी काढा आणि त्या मिरच्यांच्या देठांना रंगीत दोरा बांधा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, दोऱ्याची मिरची भाजीला तोडायची नाही!

दुकानातल्या पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं असेल, तर त्या झाडाचं बी धरू नका. त्यातून आईसारखी लेक येत नाही.

दोऱ्याची मिरची झाडावर पूर्ण पिकू द्या, मग आठवडाभर सावलीत वाळवा. बी काढताना हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा आणि काम खिडकीपाशी करा. हात भगभगले, तर नुसत्या पाण्याने आग जात नाही. आधी गोडंतेल चोळा, मग साबण लावा. तोंडाची आग झाली तर दूध किंवा दही. जोलोकिया तव्यावर भाजू नका, घरभर ठसका होतो. लहान मूल असेल त्या घरी कुंडी उंचावरच हवी. शिजवताना निम्मी मिरचीसुद्धा मोठ्या बरणीभर लोणच्याला पुष्कळ होते.

बी कोरडं खडखडीत झालं की काचेच्या बाटलीत चिमूटभर लाकडाची राख घालून ठेवा. बाटलीवर चिठ्ठी हवीच. जातीचं नाव, कुणाकडून आलं आणि कोणत्या साली, एवढं लिहा. दोन-तीन वर्षं बी चांगलं उगवतं. शंका आली तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. सहा-सात उगवल्या तर बी खुशाल पेरा.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी बियाणं घरात जपलं, वाढवलं आणि बायाबायांत वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी शाळेत मुलींना त्यांची गोष्ट सांगते तेव्हा एखादी हटकून म्हणते, ‘बाई, आमच्या आजीकडेपण बी आहे.’ त्यांना मी घरी जाऊन एकच गोष्ट विचारायला सांगते, आजीशिवाय ते आणखी कुणाकडे आहे?

तुम्हीही विचारा. माहेरच्या मिरचीचं बी हातात आलं की त्याचे तीन भाग करा. एक आपल्याकडे, एक शेजारी आणि एक दूरच्या गावी, बहिणीकडे किंवा नणंदेकडे. एका घरी पुराचं पाणी शिरेल, दुसऱ्या घरी घुशी लागतील, तिसऱ्या घरी ते राहील. देताना वरची चिठ्ठी द्यायला विसरू नका. आणि आसामची मिरची लावणाऱ्या भगिनीने डबा अजून तीन आठवडे तसाच उबेला ठेवावा. कोंब दिसला की कळवा, पिशवी शिवायचा माप-नमुना पुढच्या खेपेला देईन.