धोरणाची विद्या आणि सत्याची चाड

सार्वजनिक धोरण या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आता आपल्या देशातही सुरू झाले आहेत. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु योजना आखणे आणि तिचे फळ तपासणे या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिलीस दरबारी मान मिळतो, दुसरी उपेक्षित राहते. खरे दुखणे हेच आहे.

पूर्वी असे नव्हते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा त्याच महिन्यात तिच्या तपासणीसाठी कार्यक्रम मूल्यमापन संघटनाही उभी राहिली. पुढे १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने निःसंकोचपणे सांगितले की, या योजनेने लोकांचा पुढाकार जागा केलेला नाही. त्यासाठी निवडून आलेल्या स्थानिक संस्थांच्या हाती अधिकार दिले पाहिजेत. त्या कटू सत्यातूनच पंचायत राज्य जन्मास आले, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या.

याच्या उलट, केंद्राचे स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय मूळ धरण्यापूर्वीच २०१४ साली बंद झाले. २०१५ पासून हे काम नीती आयोगाच्या छत्राखालील कार्यालयाकडे आहे. जो धोरण सुचवितो त्याच्याच घरी परीक्षकाने राहावे, ही व्यवस्था आम्हांस निर्धोक वाटत नाही.

विद्यापीठांचीही येथे कसोटी आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी पीक वाढले, तर श्रेय योजनेचे की पावसाचे? हा प्रश्न विचारण्यास विद्यार्थ्याने शिकले पाहिजे. मेक्सिकोने १९९७ साली मुलांच्या शिक्षणासाठी गरीब कुटुंबांस रोख साहाय्य सुरू केले, तेव्हा अभ्यासासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांस ते आधी दिले, १८६ गावांस मागाहून. त्यामुळेच साहाय्याचा खरा परिणाम मोजता आला.

अशी तुलना केवळ वर्गात बसून शिकता येणार नाही. विद्यार्थ्यांनी काही महिने एखाद्या तालुक्यात राहून कागदावरची योजना गावात कशी पोचते, किंवा का पोचत नाही, हे डोळ्यांनी पाहावे. शासनानेही आपले दप्तर त्यांस खुले करावे आणि प्रतिकूल अहवालही अनुकूल अहवालांइतक्याच तत्परतेने प्रसिद्ध करावेत. एवढे होणार नसेल, तर या पदव्यांतून सरकारी कामगिरीचे सुशिक्षित भाट तेवढे निपजतील. भाटांची उणीव या देशास कधीच नव्हती. उणीव आहे ती निर्भय परीक्षकांची.